अर्धा कप उचलायचा न्हाई

सरांचा कप अर्धा असला तर उचलायचा न्हाई, हे मला हापिसात सगळ्यात आधी शिकावं लागलं. झाडणं, पुसणं, चहा, ते येतच व्हतं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या टेबलावरचा अर्धा कप उचलला, धुतला आणि पालथा घातला. सर मागनं सिंकपाशी आले. आवाज चढवला न्हाई.

"अहो मावशी, तो चहा संपलेला नव्हता. थांबलेला होता."

मी म्हणले, "गार झाला व्हता, सर."

"गार होणं वेगळं, संपणं वेगळं," म्हणले आणि गेले.

तवापासनं मी त्यांच्या कपाला हात लावला न्हाई. सकाळी साडेदहाला अर्धा प्यायचे, उरलेला बाराला, तसाच गार. डबा बी तसाच. दोन पोळ्या एक वाजता, दोन चारला. पेपर वाचताना मधेच उठायचे, तर जिथं थांबले त्या ओळीवर काडेपेटीतली काडी ठेवायचे. काडी कुणी हलवली तर त्यांना कळायचं.

हापिस हडपसरला, एका बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर. बारा-चौदा माणसं, सगळी कंप्युटरवाली, पोरांच्या वयाची. सर तेवढे पन्नाशीच्या पुढचे. वाळके, उंच, शर्टाची वरची गुंडी लावलेली, पायात एकच चप्पल वर्षानुवर्षं. कुणाला गुड मॉर्निंग म्हणायचे न्हाईत. आदल्या दिवशी बोलणं जिथं राहिलं तिथनं सुरू करायचे. मग ते काल राहिलेलं असू दे, न्हाईतर मागल्या आठवड्यात.

एकदा सोमवारी मला म्हणले, "मावशी, तुमच्याकडे पाणी किती वाजता…" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते गेले. गुरुवारी मी फळी पुसत व्हते. मागनं आवाज आला, "…येतं?"

मी म्हणले, "पाचला."

"बरं," म्हणले. झालं.

हापिसातली पोरं हसायची. जेवताना एकमेकाला विचारायची, "ए, तुझं वाक्य पेंडिंग आहे का सरांकडे?" कुणी म्हणायचं, "माझं गणपतीपासून आहे."

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. वाचता येतं, पण अक्षराला अक्षर जोडून. घाई केली तर न्हाई जमत. मालक गेले तवा माझा दत्ता चार वर्षांचा व्हता. त्यांना ताप आला आणि आठ दिवसांत गेले. मग मी मार्केट यार्डात कांदे निवडले, बांधकामावर पाट्या वाहिल्या, लोकांची धुणी केली. त्यातलं काय सांगण्यासारखं न्हाई. सगळ्याच बायका करत व्हत्या. हापिसातलं काम त्या मानानं सावलीतलं.

सर काय करतात ते त्यांनीच मला सांगितलं. न्हाईतर मला कुठनं कळणार? एका दुपारी मी विचारलं, "सर, हे एवढं टाइप करता, त्याचं शेवटी व्हतं काय?" दुसऱ्या कुणी टाळलं असतं. सरांनी खुर्ची वळवली.

"लोक फॉर्म भरतात ना, फोनवरनं? तो फॉर्म लांबच्या एका मशीनकडे जातो. सर्व्हर. आता या मशीनची जात विसराळू. तुम्ही पहिलं पान भरलंत, दुसरं मागितलंत, की हे विचारणार, आपण कोण? तिसरं मागितलंत, आपण कोण?"

"खिडकीवरल्या माणसावानी."

"अगदी. मग मी काय करतो, त्या मशीनच्या आत कारकून बसवतो. एका माणसाला एक कारकून. दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. याचं नाव काय, याने काय सांगितलं, कुठल्या पानावर थांबला, सगळं त्याच्या डोक्यात. माणूस परत आला, की कारकून म्हणणार, या, पुढे सांगा."

मी म्हणले, "असला एखादा मला दवाखान्यात भेटला असता तर बरं झालं असतं."

"कधी?"

"काय न्हाई," मी म्हणले. हापिसात मी घरचं बोलत नसे. सरांनी बी पुढं विचारलं न्हाई. पण त्यांच्याकडं ते राहिलं, हे मला माहीत व्हतं.

घरचं असं व्हतं, की दत्ताचा डावा पाय गुडघ्याखाली गेला व्हता. मार्केट यार्डात हमाली करायचा, कांदा-बटाट्याला. होळीच्या सुमारास ट्रक मागं घेताना पाय चेंगरला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कापला. मी त्या टायमाला किती खिडक्या केल्या त्याची गणती न्हाई. दर खिडकीला पयल्यापासनं सांगायचं. नाव काय, गाव काय, कसं झालं, कवा झालं. एका खिडकीवर सगळं सांगून झालं, तो माणूस जेवायला गेला, दुसरा येऊन बसला आणि म्हणला, "बोला बाई, काय काम?" मी परत सांगितलं. सांगून सांगून माझ्या तोंडाला त्याची चव राहिली न्हाई.

कसं झालं, ते मी बी ऐकीवच सांगत व्हते. दत्ता कुणाला सांगत न्हवता. पाय गेल्यापासनं तो लागेल तेवढंच बोलायचा. पाणी दे. लाइट घालव. लग्न ठरत आलेलं, ते मोडलं. मोडणारच. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचा. मी रोज विचारायची, "दत्ता, कसं झालं रं?" तो डोळे मिटायचा.

आता सरांचं सांगते. एक संस्था हाय, गरिबांना पाय बसवून देती, फुकटात. तिचा फॉर्म आमच्या हापिसात बनत व्हता. त्याच्यावरनं सरांचं आणि मॅनेजर साहेबांचं वाजलं. दार उघडं व्हतं, मी चहा वाटत व्हते.

मॅनेजर साहेब म्हणले, "सर, सिंपल आहे. वीस मिनिटं यूझरने काही केलं नाही, की त्याचं सेशन, भरलेलं सगळं, पुसून टाकायचं. तो गेला असं धरायचं."

सर म्हणले, "कुठे गेला? त्याला पाय नाही."

मॅनेजर साहेबांचे कान लाल झाले. "सर, जोक नाही. मशीनची मेमरी भरते."

"मीही जोक करत नाही. चौथ्या पानावर आपण डॉक्टरांचं पत्र मागतो. तो ते आणायला जाणार. एसटीने. वीस मिनिटांत आपल्याकडे लिफ्ट वर येत नाही."

मग सरांनी वळून मला विचारलं, सगळ्यांच्या समोर, "मावशी, नोकरी सोडून गेलेल्याचा कप तुम्ही किती दिवस ठेवता?"

मी म्हणले, "त्याच्या जागी नवा माणूस येईस्तोवर."

"ऐकलंत?" सर मॅनेजर साहेबांना म्हणले. "जागा लागेपर्यंत ठेवायचं. ही आर्किटेक्चरची व्याख्या आहे, मावशींचा पगार कमी आहे इतकंच."

शेवटी सरांनी एक काळा डबा आणला, पाटीएवढा. स्वतःच्या पैशानं आणला म्हणं. कोपऱ्यातल्या खोलीत फळीवर ठेवला. त्या संस्थेचे कारकून त्यात बसवले. तिथं ते हवं तेवढं थांबणार. हिरवा दिवा लुकलुकायचा. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, वायर हलू न देता.

मग गौरी-गणपतीच्या आधी एक दिवस मला म्हणले, "मावशी, बसा इथं. फॉर्म भरा. ही पोरं भरतात ते खरं नाही, त्यांना सगळं येतं. तुम्ही भरा."

"कुणाचा भरू?"

"कुणाचाही. खोटं नाव, खोटा पाय."

मी म्हणले, "खोटा कशाला? खरा हाय की घरात."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणले, "दवाखाना." तेवढंच. त्यांचं राहिलेलं त्यांनी जागेवर नेऊन लावलं.

मी अक्षराला अक्षर जोडून भरलं. दोन तास लागले. मधे उठून दोनदा चहा केला, परत बसले, तर पान तसंच. नाव, पत्ता, वय, कोणता पाय, कुठं कापला. चार पानं झाली, डॉक्टरांचं पत्र माझ्या पिशवीत कायमच असायचं. पाचव्यावर लिहिलं व्हतं, पाय कसा गेला ते रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगावे.

मी हात काढून घेतला. "हे मला न्हाई सांगता यायचं. त्याचं त्यानं सांगायचं. आणि तो बोलत न्हाई."

"किती दिवस?"

"लई दिवस झालं."

"मग थांबू," सर म्हणले. "या डब्याची तयारी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप ठेवला, तर सर वर न बघता म्हणले, "आहे."

मला आधी कळलंच न्हाई. मग कळलं, की दत्ताचं पान आहे. त्या दिवसापासनं रोज, कप ठेवला की, "आहे." एवढंच. मी बी "बरं" म्हणायची आणि पुढं जायची. फॉर्म आता लोकांना खुला झाला व्हता, बाहेरची माणसं बी भरायला लागली. संस्थेचं शिबिर दिवाळीनंतर व्हतं. ज्यांचा फॉर्म तोवर पुरा, त्यांचीच मापं घेणार. दिवस जात व्हते. पण पान व्हतं.

मग खंडेनवमी आली. हापिसात दरवर्षी पूजा असायची. पोरं आपापला कंप्युटर पुसून बंद करायची, मी हळदी-कुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. मॅनेजर साहेब लिफ्टपाशी नारळ फोडायचे. पेढे वाटले की दुपारी सुट्टी. सर त्या दिवशी यायचे न्हाईत. म्हणायचे, "माझी हत्यारं रोज वापरतो, तेवढी पूजा पुरते."

माझ्या बापाचं घर लोणीकडं. आमच्यात खंडेनवमीला विळा, कोयता, खुरपं धुऊन, हळदी-कुंकू लावून भिंतीशी ठेवायचं. त्या दिवशी त्याला कामाला लावायचं न्हाई. आई त्या दिवशी भाजीसुद्धा विळीवर चिरायची न्हाई, हातानं मोडायची. वर्षभर राबलेल्याला एक दिवस विसावा.

सगळे गेले. मी लादी पुसली, फुलांचा कचरा भरला. कोपऱ्यातल्या खोलीत डोकावले, तर तो काळा डबा एकटा लुकलुकत व्हता. सगळी विसाव्याला आणि हा तेवढा जुंपलेला. त्याला बी कुंकू लावलं, फूल ठेवलं. बटण शोधलं आणि बंद केला. 'हात लावू नका' असं मला कुणी म्हणलं न्हवतं. तीन वर्षं माझ्या हातनं एक कप फुटला न्हवता, कोण कशाला म्हणेल?

सुट्टी संपून सकाळी सगळ्यात आधी मीच पोचले. बटण दाबलं. दिवा लागला. मला बरं वाटलं.

सर आले. मी कप ठेवला आणि उभी राहिले. "आहे" काय आलं न्हाई. थोड्या वेळानं चहाच्या खोलीत आले, हातात सुकलेलं झेंडूचं फूल.

"मावशी, याला कुणी झोपवलं?"

"मी. खंडेनवमी व्हती. उठवलं बी मीच."

सर तिथल्या स्टुलावर बसले. त्यांचा कप मी मागं आणून दिला. त्यांनी एका दमात सगळा प्यायला. तळापर्यंत. तेवढ्यावरनं मला कळलं.

"सगळी गेली?" मी विचारलं.

"सगळी. एक्केचाळीस माणसं. पहिलं पान तेवढं राहिलंय, फोन नंबरचं. बाकी कारकुनांच्या डोक्यात होतं."

"दत्ताचं?"

"त्याचंही."

मी गॅस बंद केला. मग विचारलं, "डोक्यात कशाला ठेवलं, सर? लिहून का न्हाई ठेवलं?"

मॅनेजर साहेबांनी हेच विचारलं असतं तर सर काहीतरी लावून बोलले असते. मला सरळ सांगितलं. "मला वाटायचं, माणूस अर्धवट सांगून थांबला, तर ते आपण लिहून ठेवू नये. त्याने 'झालं' म्हणावं, मग लिहावं. अर्धवट गोष्ट त्याची असते." मग म्हणले, "शहाणपणा केला."

मॅनेजर साहेब आले, त्यांना कळलं. ते मला काय बोलले ते जाऊ दे. त्यांच्या जागी ते बरोबर व्हते. दुसऱ्या दिवसापासनं येऊ नका, असं म्हणले. सर दारात उभे व्हते.

"ज्या यंत्राला वर्षात एक दिवस सुट्टी सोसत नाही, ते बनवणाऱ्याला काढा. मावशींनी त्याची पूजा केली. तुम्ही कधी त्याला पाणी तरी विचारलंत?"

मॅनेजर साहेब म्हणले, "सर, प्लीज."

"आणि त्या मला लागणार आहेत. चार दिवस. चहा तुम्ही करा."

लागणार कशाला, ते मला दुपारी कळलं. सरांनी नंबरांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला बसले. पण सरांना माणसांशी बोलता कुठं येत व्हतं? पहिला फोन उचलला गेला, तर सर म्हणले, "गुडघ्याच्या वर की खाली?" समोरच्यानं ठेवून दिला. दुसऱ्याला म्हणले, "तुमचं तिसरं पान." त्यानं बी ठेवला. फोनवरनं लुबाडणाऱ्यांनी लोक भ्यालेले. तिसऱ्यानं शिव्या दिल्या. सरांनी त्या पूर्ण ऐकल्या आणि फोन माझ्याकडं सरकवला.

"तुम्ही बोला. मी लिहितो."

"मी काय बोलू?"

"खरं."

मी बोलले. "मी हापिसात चहा करती. पायाचा फॉर्म तुम्ही भरत व्हता न्हवं? त्यो माझ्या हातनं पुसला गेला. परत सांगावं लागंल. एकदाच. पुन्हा कुणी इचारणार न्हाई. सांगता का?"

लोकांनी सांगितलं. मला वाटलं न्हवतं. दौंडची एक बाई साखरेनं पाय गेलेली, ती हसायलाच लागली. "अगं बाई, चौथ्यांदा सांगतीया. गाण्यावानी पाठ झालंय, घे लिहून." एक मास्तर व्हते पुण्यातले, रिटायर. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणले, "वा! पूजा केलीत. नैवेद्याला आमचे पाय दाखवलेत." तरी सगळं सांगितलं, स्वल्पविराम कुठं द्यायचा त्याच्यासकट. सर खूश झाले. म्हणले, "हा माणूस कामाचा."

एका ठिकाणी मुलानं उचलला. "बाबा गेले," म्हणला. "नवरात्राच्या आधी." मी म्हणले, "बरं बाळा," आणि ठेवला. सरांना सांगितलं. त्यांनी यादीवर त्या नावाला काट मारली न्हाई. पेन्सिलीनं शेजारी एक ठिपका दिला आणि पुढचा नंबर लावला.

चार दिवस असं चाललं. मी ऐकायची, मोठ्यानं म्हणायची, सर टाइप करायचे. रेल्वे, साखर, मोटारसायकल, उसाचा ट्रॅक्टर. माझ्या घरात एक पाय नसलेला माणूस व्हता, तर मला वाटायचं आपल्याच घरावर पडलं. मला रडू आलं न्हाई. पण घरी गेल्यावर दत्ताच्या अंथरुणाशी जरा जास्त बसायला लागले. बोलायची न्हाई.

चौथ्या दिवशी यादीत एकच नंबर राहिला. तो मी न वाचता ओळखला. आमच्या घरचा.

मी म्हणले, "आधीची पानं मी परत सांगते, लिहून घ्या. पाचव्याचं घरी जाऊन विचारते."

सर म्हणले, "नाही. घरी तुम्ही सात महिने विचारताय. इथून विचारा. बाकीच्यांना विचारलंत तसं. तेच शब्द."

त्यांनी नंबर लावून फोन मला दिला. लई वेळ वाजला. मग दत्तानं उचलला.

मी म्हणले, "मी हापिसात चहा करती. तुमचा पायाचा फॉर्म माझ्या हातनं पुसला गेला."

तो म्हणला, "आई?"

"हं. परत सांगावं लागंल. एकदाच. पुन्हा कुणी इचारणार न्हाई. सांगता का?"

तिकडं पंखा फिरत व्हता, त्याचा आवाज येत व्हता. सर कंप्युटरच्या बटणांवर बोटं ठेवून बसले व्हते, वर बघत न्हवते. मी बाकीच्यांना जेवढं थांबले तेवढंच थांबायचं ठरवलं व्हतं. त्याच्यापेक्षा जास्त थांबले.

मग दत्ता बोलायला लागला. मी एकेक वाक्य मोठ्यानं म्हणत गेले.

"सकाळची गाडी व्हती. कांद्याची." सरांनी टाइप केलं.

"मी मागं उभा व्हतो. ड्रायव्हरला हात दाखवत व्हतो, येऊ दे, येऊ दे." टाइप केलं.

"तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मी बघायला मान खाली घातली."

मी ते म्हणले. दत्ता थांबला.

सर म्हणले, "पुढे?"

मी फोनमध्ये म्हणले, "पुढं?"

दत्ता म्हणला, "आई, फोन तुझा व्हता."

त्या दिवशी सकाळी त्याच्या डब्यात ठेचा घालायचा राहिला व्हता. तेवढं सांगायला मी फोन लावला व्हता. त्यानं उचलला न्हाई. मी तीनदा लावला. मग मला वाटलं, कामात असंल.

सर थांबले व्हते. त्याचं वाक्य मोठ्यानं म्हणायचं काम माझं व्हतं, ते मी म्हणले. "फोन आईचा व्हता."

सरांनी टाइप केलं. मग वर बघितलं. "हे ठेवायचं?"

मी म्हणले, "त्याचे शब्द हायत."

"मग राहील."

दत्तानं पुढचं सांगितलं. ड्रायव्हरला दिसला न्हाई, चाक आलं, लोक ओरडले. संपलं तवा मी म्हणले, "झालं?"

"झालं," तो म्हणला. मग म्हणला, "मापाला कवा जायचं?"

"दिवाळी झाली की."

"बरं," म्हणला आणि ठेवला.

मी उठले, कप गोळा केले, धुतले. मॅनेजर साहेबांनी चार दिवस केलेल्या चहानं पातेलं खालनं करपलं व्हतं, ते घासलं. सरांचा कप टेबलावर अर्धा व्हता. तो तिथंच ठेवला.

घरी आम्ही त्याच्यावर बोललो न्हाई. विचारणार न्हाई म्हणून मी शब्द दिला व्हता. तो सात महिने का गप्प व्हता ते मला कळलं, आणि मला कळलं ते त्याला कळलं. त्या रात्री मी भाकरीबरोबर ठेचा वाढला. त्यानं खाल्ला.

सरांनी पुढं सगळं बदललं. आता माणूस थांबला की तिथपर्यंतचं लिहून ठेवलं जातं, आणि ज्याचं त्याला पुसायचं असंल तर पुसता येतं. डबा कितीदा बी बंद करा. माणूस परत आला की वर एक ओळ येते. मॅनेजर साहेबांना ती इंग्रजीत पाहिजे व्हती, वेलकम बॅक का काय. सरांनी मला विचारलं, "तुमच्याकडे परत आलेल्याला काय म्हणतात?" मी म्हणले, "काय म्हणायचं? या, बसा." सरांनी लिहिलं, या, बसा. तुम्ही इथपर्यंत सांगितलं होतं.

दत्ताची मापं झाली. पाय आला. पहिला महिना रक्त निघायचं, मी हळद लावायची. आता मार्केट यार्डात एका गाळ्यावर वजनकाट्याशी उभा असतो. उभा असतो, हे मी मुद्दाम सांगते.

सर पुढच्या वर्षी नोकरी सोडून गेले. त्या वीस मिनिटांवरनंच परत वाजलं म्हणं, दुसऱ्या कुठल्या फॉर्मावरनं. शेवटच्या दिवशी पोरांनी केक आणला. सरांनी अर्धा तुकडा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात घातला. मी लिफ्टपाशी लादी पुसत व्हते. सर लिफ्टमध्ये शिरले, पिशवी खाली ठेवली आणि मला म्हणले, "मावशी, तुमचा दत्ता जिना उतरताना…"

दार लागलं. लिफ्ट खाली गेली. मी काय जिन्यानं पळाले न्हाई. सर हायत, सांगतील कवातरी.

त्यांच्या जागी नवा माणूस आला. त्याला मी दुसरा कप दिला.

दोन वर्षं गेली. माझे गुडघे गेले, हापिस मी सोडलं. परवा गाडीतळाला बसस्टॉपवर मी उभी व्हते, हातात मेथीच्या जुड्या. कुणीतरी शेजारी येऊन थांबलं. बघितलं तर सर. आणखी वाळलेले, केस पांढरे, चप्पल तीच. माझ्याकडं न बघता, बस कुठनं येतीय तिकडं बघत म्हणले,

"…कोणता पाय आधी टाकतो?"

मी मेथी दुसऱ्या हातात घेतली.

"नवा," मी म्हणले. "नवा आधी टाकतो, मग आपला."

"बरोबर आहे," सर म्हणले. त्यांची बस आली, ते चढले.